बोंबील मोजायचा कसा?

तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून वाफ थंड करायला समुद्राचं पाणी आत ओढतं आणि कोमट झालेलं परत सोडतं. जैतापूरचा 10,380 मेगावॉटचा अणुवीज प्रकल्प उभा राहिला, तर हेच कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडेल. मासळी घटली, असं तारापूरचे कोळी सांगतात. त्या घटीला अणुवीज केंद्र जबाबदार की बेसुमार मासेमारी, हे ठरवायला भरवशाची आणि आधीपासूनची मोजणी लागते.

त्यासाठी सोनार यंत्र उपयोगी आहे. होडीखालून ध्वनिलहरी सोडायच्या आणि परतणारा प्रतिध्वनी टिपायचा. समुद्रात ध्वनी सेकंदाला सुमारे 1,500 मीटर धावतो, त्यामुळे प्रतिध्वनीला लागलेल्या वेळेवरून थवा किती खोल आहे ते कळतं. इथल्या गढूळ पाण्यात कॅमेरा आंधळा होतो. सोनार रात्रीही चालतं, मासा मरत नाही.

पण माशाकडून येणारा प्रतिध्वनी मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा असतो. घोळीची ही पिशवी, म्हणजे बोत, मोठी असते. तिच्यासाठी व्यापारी घसघशीत भाव मोजतात. बोंबलाला मात्र ती पिशवीच नाही. ज्या माशावर तारापूरच्या पालघर जिल्ह्यातल्या किती तरी घरांची चूल पेटते, तो पडद्यावर अगदी फिका उमटतो. नुसत्या सोनारच्या आकड्यांवर विसंबून कुणी ‘इथे मासे थोडेच होते’ असं लिहिलं, तर तो कोळ्यांवर उघड अन्याय ठरेल. पाण्याबरोबर आत ओढली जाणारी अंडी आणि इवली पिल्लंही अशा पाहणीतून निसटतात.

सोनारखेरीज मोजणीची दुसरी वाटही आहे. इंग्लंडमधल्या हिंकली पॉइंटचा समुद्रही असाच गढूळ. तिथल्या अणुवीज केंद्रात पाणी गाळणाऱ्या जाळ्यांवर अडकलेले मासे 1981 पासून दर महिन्याला जातवार मोजले गेले. चार दशकांची ही नोंद म्हणजे अभ्यासकांसाठी खजिनाच! असं काम चिकाटीनं आपल्याकडेही करता येईल, त्याला परदेशी यंत्रही लागत नाही.

तारापूरला सोनार फिरवायचं, तर त्याच दिवशी, त्याच पाण्यात बोंबील पकडायचं डोल जाळं लावून काय सापडतं तेही मोजायला हवं, आणि होडी कोळ्यांचीच हवी. जैतापूरला बांधकामाआधी निदान काही वर्षं, प्रत्येक हंगामात, दिवसा आणि रात्री अशी पाहणी व्हावी. तिचे आकडे मराठीत, जातवार, प्रकल्पाजवळच्या साखरी नाटे गावातल्या मच्छीमारांपुढे ठेवले जावेत, तेही प्रकल्पाच्या परवानगीचा निर्णय होण्याआधी.