चपलेचा धनी कोण?

२०२५ सालच्या जून महिन्यांत इटलींतील मिलान शहरीं प्राडा नांवाच्या पेढीनें कोल्हापुरी घाटाच्या चपला प्रदर्शनांत मांडल्या, आणि त्यांच्या जन्मगांवाचें नांवही घेतलें नाहीं. ओरड झाली तेव्हां कबुली आली. डिसेंबरांत महाराष्ट्र व कर्नाटक येथील चर्मोद्योग महामंडळांशीं करार होऊन २,००० जोड इकडेच करवून घेण्याचें ठरलें. किंमत सुमारें ८०० युरो! अभिमानाचे ढोल पुष्कळ वाजले. आम्हांस मात्र एक साधा प्रश्न पडतो. परक्या पेढीला शिव्या देणाऱ्या आमच्या पेठेंत तरी चप्पल शिवणाऱ्याचें नांव किती दुकानांच्या पाटीवर आहे?

बाभळीच्या सालींत व हिरड्यांत पकविलेलें चामडें घ्यावयाचें, तळ कापावयाचा, खिळा न मारतां चामड्याच्याच दोऱ्यानें शिवावयाचा. पट्टे कारागिरानें बसवावे आणि वेणी घरच्या बाईनें विणावी. त्या बाईची मजुरी कोणी धरतो काय? चामड्याचे पैसे मोजावयाचे आणि घरच्या माणसांची मेहनत फुकट समजावयाची, ही आमच्या कारागीर बंधूंची जुनी खोड. अडत्या ती ओळखून असतो. तो उचल देतो, भाव पाडतो आणि जोडावर आपला छाप मारतो. दोष एकट्या अडत्याचा कसा म्हणावा? ज्याच्या घरीं हिशेबाची वही नाहीं, त्याला लुटावयास फारशी हुशारी लागत नाहीं.

२०१९ सालीं या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालें. दोन्ही राज्यांचे चार-चार जिल्हे त्यांत आहेत. परंतु नोंद महामंडळांच्या नांवें आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून कारागिरास आपलें नांव निराळें नोंदवावें लागतें, ही गोष्ट किती घरीं पोंचली? २०२३ सालच्या विश्वकर्मा योजनेंत पादत्राणें करणारा कारागीरही आहे: पहिल्या खेपेस १ लाख, पुढें २ लाख, व्याज शेंकडा ५. हें कर्ज लग्नांत उडवूं नये. त्यांतून चामडें रोखीनें घ्यावें, म्हणजे उचलीचा फांस सुटतो. चार घरांनीं मिळून एक गाळा घ्यावा, तळावर गांवाचा व शिवणाऱ्याचा छाप उठवावा. शिकलेल्या मुलीनें मोबाइलवर मागणी घ्यावी व वहीही तिनेंच लिहावी.

कोणी म्हणेल, तुम्ही आम्हांस पुन्हां जातीच्या धंद्यांत कोंडतां. मुळींच नाहीं! मुलगा वकील होवो, मुलगी डॉक्टर होवो. आम्ही पेढे वांटूं. पण जो या धंद्यांत राहील त्यानें धनी होऊन राहावें. गंगाराम कांबळे यांनीं कोल्हापुरांत चहाचें दुकान घातलें, तेव्हां शाहू छत्रपति स्वतः तेथें चहा घेत. नुसत्या भांडवलानें दुकान चालत नाहीं, गिऱ्हाइकही लागतें, हें महाराज जाणून होते. आज कोल्हापुरी पायांत मिरविणाऱ्यांस शिवणाऱ्याची गल्ली ठाऊक नसते.

दिवाळीला ज्या वाचकांस चप्पल घ्यावयाची असेल, त्यांनीं त्या गल्लींत जावें आणि सांगितलेला भाव द्यावा.