रक्ताचा रिपोर्ट आणि बाकीच्या सहा गोष्टी

२०२१ च्या एप्रिल-मे मध्ये आमच्या खारीगावात कुणाचाही फोन आला की तिसऱ्या वाक्याला डी-डायमर निघायचा. सीआरपी किती? फेरिटिन किती? आयएल-सिक्स केलं का? साधा ताप असलेली माणसंसुद्धा दर दोन दिवसांनी रक्त देत होती. हे आकडे खोटे नव्हते. पण त्यांच्याकडून जे भविष्य आपण मागत होतो ते सांगायची त्यांची ताकद किती, हे फारसं कुणी विचारलं नाही.

आपल्या मुंबईतलंच उदाहरण घेऊ. आयआयटी मुंबई, आर्थर रोडचं कस्तुरबा रुग्णालय आणि ऑस्ट्रेलियातली एक संशोधन संस्था यांनी मिळून सुमारे १६० कोविड पेशंटांचा प्लाझ्मा इन्फ्रारेड किरणांनी तपासला. कोण गंभीर होणार हे ओळखायला संगणकाला शिकवलं आणि बाजूला ठेवलेल्या ३० पेशंटांवर त्याची परीक्षा घेतली. अचूकता सुमारे ८५ टक्के. २०२१ साली हे जाहीर झालं. वय, मधुमेह यांसारख्या माहितीवरूनच केलेल्या अंदाजापेक्षा यात फॉल्स पॉझिटिव्ह जास्त निघाले, हेही संशोधकांनीच सांगितलं. याला म्हणतात प्रामाणिकपणा!

आता ८५ टक्के म्हणजे काय ते पाहू. समजा १००० पेशंटांपैकी १०० गंभीर होणार आहेत, आणि टेस्ट दोन्ही बाजूंनी ८५ टक्के बरोबर आहे. ८५ जण सापडले, १५ सुटले. उरलेल्या ९०० पैकी १३५ जणांना उगाचच धोक्याचा इशारा. म्हणजे "धोका आहे" असं ज्या २२० जणांना सांगितलं, त्यातले निम्म्याहून जास्त तसेही बरे होणारच होते. असा अलार्म आमच्या ऑफिसात कुणी लावला तर आठवड्याभरात त्याकडे बघणं बंद होईल...

मग मार्कर निरुपयोगी? अजिबात नाही. २०२० साली ब्रिटनमध्ये ३५ हजारांहून जास्त पेशंटांच्या माहितीवरून 'फोर-सी' स्कोअर तयार झाला. त्यात आठ गोष्टी. वय, लिंग, इतर आजार, श्वासाचा वेग, ऑक्सिजन आणि शुद्ध या सहा रक्त न काढता कळतात. रक्तातल्या फक्त दोन: युरिया आणि सीआरपी. 'रिकव्हरी' चाचणीत टॉसिलिझुमॅब कुणाला द्यायचं हे ठरवताना सीआरपी ७५ किंवा जास्त हवं होतं, पण सोबत ऑक्सिजनही कमी झालेला हवा होता. त्या गटात मृत्यू ३५ वरून ३१ टक्क्यांवर आले. बघा, एकट्या आकड्याने काहीच ठरलं नाही. पेशंटची अवस्था आणि आकडा मिळून निर्णय झाला.

उलट एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना मे २०२१ मध्ये जाहीर सांगावं लागलं की सौम्य आजारात या टेस्ट करू नका, नुसती घबराट वाढते. घाबरून सुरू झालेली स्टेरॉइड्स ही तर आणखी मोठी गोष्ट. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना डेक्सामेथासोनचा फायदा नाही हे जून २०२० मध्येच समजलं होतं.

तर सांगायचा मुद्दा असा, की नवीन मार्कर आला की "अचूकता किती?" एवढ्यावर थांबू नका. वय, मधुमेह आणि ऑक्सिमीटर यांनी जे आधीच सांगितलंय त्यात याने काय भर घातली, ते विचारा. आणि पुढच्या वेळी तापात लांबलचक टेस्टची चिठ्ठी हातात आली तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा: या आकड्याने तुमचं औषध बदलणार आहे का? "हो" म्हणाले तर जरूर रक्त द्या. "बघू" म्हणाले तर... तुम्हीही जरा थांबून बघा.