आगोट, टाळेबंदी आणि थोडे अंकगणित



उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनारपट्टीवर ‘आगोट’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. त्या तोंडावर घरात जी बेगमी भरून ठेवायची, तिलाही आपण आगोटच म्हणतो. एप्रिल-मे महिन्यांत अंगणात मिरच्या वाळतात, मसाला कुटला जातो, कडवे वाल डब्यांत भरले जातात, पांढऱ्या कांद्याच्या विणलेल्या माळा आढ्याला टांगल्या जातात. कोळीवाड्यात बोंबील, जवळा आणि सोडे उन्हात सुकतात. पूर्वी पाऊस लागला की होड्या किनाऱ्याला ओढल्या जात, ओढ्यांना पूर येऊन वाटा तुटत आणि बाजार दूर जाई. आज रस्ते झाले, पूल झाले. तरीही जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारी कायद्याने बंद असते, आणि सुक्या मासळीची बरणी अजून घराघरांत भरलेली असते.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, महामारीत घर बंद करून बसावे लागले तर काय काय साठवावे आणि किती साठवावे, हा प्रश्न २०२० साली साऱ्या जगाला पडला होता. तुमच्यापैकी पुष्कळजण तेव्हा अगदी लहान असतील. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली आणि ती त्याच मध्यरात्री सुरू झाली. किराणा आणि औषधांची दुकाने उघडी राहणार होती. तरीही त्या रात्री गावोगावी दुकानांपुढे रांगा लागल्या. ज्या आजारापासून वाचण्यासाठी माणसांनी दूर दूर राहायचे, त्याच आजाराच्या भीतीने माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली!

या प्रसंगावरून दोन टोकांची मते ऐकू येतात. काहीजण म्हणतात, “साठा करणे हा स्वार्थ आहे, ज्याने त्याने रोजच्यापुरते आणावे.” दुसरे म्हणतात, “पुन्हा असे झाले तर मिळेल ते आणि मिळेल तितके घरात भरून ठेवा.” माझ्या मते दोन्ही मते चुकीची आहेत. साठा चांगला की वाईट हे तीन गोष्टींवर अवलंबून असते: तो केव्हा केला, किती केला आणि कशाचा केला. या तिन्ही गोष्टी मोजता येतात. म्हणून हा प्रश्न नीतीचा आहे तितकाच गणिताचाही आहे.

प्रथम ‘केव्हा’ पाहू. समजा, एका गावात ७०० घरे आहेत आणि प्रत्येक घर आठवड्याला ५ किलो तांदूळ विकत घेते. सगळे एकाच दिवशी येत नाहीत. रोज साधारण १०० घरची माणसे येतात आणि रोज ५०० किलो तांदूळ विकला जातो. दुकानदाराकडे एका आठवड्याचा, म्हणजे ३,५०० किलोंचा साठा असतो. आता एका रात्रीत बातमी आली आणि सातशेही घरांनी तीन आठवड्यांचा, म्हणजे प्रत्येकी १५ किलो तांदूळ मागितला. मागणी झाली १०,५०० किलो. दुकानात आहे त्याच्या तिप्पट! पहिल्या २३३ घरांना तांदूळ मिळेल, उरलेली ४६७ घरे रिकामी पिशवी घेऊन परततील. गंमत पाहा, गावात कोणीही एक घाससुद्धा जास्त खाल्लेला नाही. तांदळाचा दुष्काळ पडलेला नाही. फक्त सगळे एकाच वेळी आले, एवढ्यानेच टंचाई निर्माण झाली.

आता हेच काम आगोटीच्या पद्धतीने करा. फेब्रुवारीपासून प्रत्येक घराने दर आठवड्याला ५ ऐवजी ६ किलो तांदूळ घेतला, तर दुकानाची रोजची विक्री ५०० वरून ६०० किलोंवर जाईल. एवढा जादा माल दुकानदार सहज आणू शकतो. पंधरा आठवड्यांनी, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत, प्रत्येक घरात १५ किलोंची शिल्लक तयार होईल. साठा तेवढाच, घरे तीच, दुकानही तेच. पण एकही माणूस रिकाम्या हाताने परतत नाही.

इमारतीच्या गच्चीवरील पाण्याची टाकी हेच करते. नळ बारीक असला तरी टाकी रात्रभरात भरते आणि सकाळी सर्वांना एकदम पाणी पुरवते. टाकी नसेल आणि सर्वांनी एकाच वेळी तोट्या उघडल्या, तर नळाच्या टोकाला असलेल्या घरी थेंबही पोहोचत नाही. म्हणून मी म्हणतो की संकटापूर्वी सावकाश केलेला साठा हा स्वार्थ नव्हे. ज्याच्या घरी तीन आठवड्यांचे धान्य आहे, तो संकटाच्या दिवशी रांगेत उभा राहत नाही, आणि त्याची रांगेतली जागा ज्याला खरी निकड आहे त्याला मिळते. तोच साठा संकटाच्या रात्री धावत जाऊन केला, तर मात्र तो शेजाऱ्याच्या ताटातून काढलेला असतो.

आता ‘किती’. येथे भीतीला विचारून उपयोग नाही, आजारालाच विचारले पाहिजे. कोरोना विषाणूचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १४ दिवसांपर्यंतचा काळ जाऊ शकतो, असे तेव्हा धरले होते. म्हणूनच संशयितांना १४ दिवस घरात राहायला सांगत आणि महाराष्ट्रात त्यांच्या हातावर शिक्काही मारत. एखाद्या घराला दोन आठवडे उंबरठा ओलांडता येणार नाही असे धरा, त्यात एका आठवड्याची सवड मिळवा. २१ दिवसांचा साठा पुरेसा होतो. पाच माणसांच्या घरी माणशी रोज ३०० ग्रॅम तांदूळ लागला, तर २१ दिवसांना साडेएकतीस किलो. माणशी ६० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, म्हणजे सव्वासहा किलोंच्या आसपास. आणि मीठ? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते. पाच माणसांना २१ दिवसांत सुमारे अर्धा किलो! मग मिठाची अफवा उठताच दहा दहा पुड्या उचलणारा माणूस ते मीठ किती महिने पुरवणार आहे, हे तुम्हीच मोजा.

धान्याखेरीज घरातल्या कोणाची मधुमेहाची किंवा रक्तदाबाची रोजची गोळी असेल, तर ती महिनाभराची हाताशी हवी. तिच्यावरील मुदतीची तारीख मात्र पाहून घ्यावी. साबण हवा. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलकट पदार्थाला. कोरोना विषाणूचे वेष्टन मेदयुक्त असल्याने साबणाने ते फाटते आणि विषाणू निकामी होतो. साधा साबणही हे काम करतो. त्यासाठी महागड्या वस्तूंचा ढीग करण्याची गरज नाही.

साठा टिकवणे हेही शास्त्र आहे. जिवाणू आणि बुरशी यांना वाढायला पाणी लागते. ताज्या बोंबलात जवळजवळ नऊ दशांश पाणीच असते, म्हणून तो काही तासांत नासतो. तोच वाऱ्यावर आणि उन्हात सुकवला की महिनोन्‌महिने टिकतो. मीठ लावलेल्या मासळीत परासरणाने पाणी बाहेर ओढले जाते. तेथेही तत्त्व तेच. तांदळातील ओलावा १४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशी आणि किडे यांचे फावते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरची हवा बाष्पाने भरलेली असते आणि कोरडे धान्य त्या हवेतून पाणी शोषून घेते. म्हणून धान्य आधी कडक वाळवायचे आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे. कांद्याचे मात्र उलट. तो जिवंत असतो, श्वसन करतो, त्याला डब्यात कोंडले तर तो कुजतो. म्हणून त्याची माळ करून ती वाऱ्यावर टांगायची. आपल्या आजीने हे सारे पुस्तकात न वाचता, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून मिळवले होते.

पण निसर्ग कधी कधी दोन संकटे एकावर एक पाठवतो. टाळेबंदी टप्प्याटप्प्याने वाढून ३१ मेपर्यंत गेली आणि ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. कौले आणि पत्रे उडाले, मुरूड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. ऐन आगोटीचा माल छपराखाली होता आणि छप्परच गेले. यावरून एवढे शिकावे की साठा एकाच खोलीत, एकाच कोपऱ्यात ठेवू नये. तो जमिनीपासून उंच आणि पाणी न शिरणाऱ्या डब्यात असावा. वीज नसेल तर पंप चालत नाही, हे ध्यानात ठेवून पिण्याचे पाणी भरलेले असावे आणि हाताशी एक विजेरी असावी.

आता तिसरा प्रश्न, ‘कशाचा’, आणि माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. एप्रिल-मे २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट आली, तेव्हा देशात रुग्णांना प्राणवायू कमी पडला. त्या दिवसांत “लागला तर असावा” म्हणून काही लोकांनी प्राणवायूचे सिलिंडर घरात आणून ठेवले. येथे तांदळाचे गणित लागू पडत नाही. तांदूळ प्रत्येक घराला रोज लागतो. प्राणवायू थोड्यांनाच लागतो, पण लागतो तेव्हा तत्काळ लागतो, आणि तो कोणाला लागेल हे आधी कळत नाही. समजा, १,००० घरांपैकी २० घरांत तो लागणार आहे. प्रत्येकाने घरी एक ठेवायचा म्हटले तर १,००० सिलिंडर हवेत. तेच रुग्णालयात एकत्र ठेवले तर ४० पुरतील, आणि तरीही गरजेच्या दुप्पट असतील. घरी कोपऱ्यात उभा असलेला सिलिंडर कोणाचाच जीव वाचवत नाही. १३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने मुखपट्ट्या आणि सॅनिटायझर यांना काही काळापुरते १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली आणले, त्यामागेही साठेबाजीला आळा घालण्याचाच हेतू होता.

म्हणून नियम असा करता येईल: जे सर्वांना रोज लागते ते घरोघरी साठवावे, जे थोड्यांना अचानक लागते ते सर्वांनी मिळून एका जागी साठवावे. बोटाला लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखवणारे यंत्र प्रत्येक घरात कशाला हवे? एका आळीत दोन असली आणि ती स्वच्छ पुसून फिरवली, तरी काम भागते.

शेवटी एका मोठ्या अडचणीकडे डोळेझाक करून चालणार नाही. आठवड्याला एक किलो तांदूळ जास्त घ्यावा, असे मी वर सहज लिहिले. पण ज्याची चूल त्या दिवशीच्या मजुरीवर पेटते, त्याने तो एक किलो कोठून आणावा? आपल्या जिल्ह्यात कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर राबतात. खलाशी पराच्या होडीवर जातात. काम थांबले की दोन दिवसांत त्यांचा डबा रिकामा होतो. त्यांना “साठा करून ठेवा” असे सांगणे म्हणजे चेष्टा होय. त्यांच्यासाठी समाजाने साठा करायचा असतो. सरकारी गोदामांतले धान्य ही साऱ्या देशाची आगोटच आहे. एप्रिल २०२० पासून शिधापत्रिकेवर माणशी दरमहा ५ किलो जादा धान्य मोफत देता आले, कारण ते चांगल्या हंगामांत आधीच गोळा करून ठेवलेले होते. टाकी आधी भरलेली होती, म्हणून तोटी उघडल्यावर पाणी आले. ते प्रत्येक वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहणे मात्र गोदामाचे काम नव्हे. ते गावाचे, म्हणजे आपले काम आहे.

येत्या रविवारी एक उद्योग करा. वहीत चार रकाने आखा: वस्तू, घरातली रोजची गरज, सध्याची शिल्लक आणि ती किती दिवस पुरेल. आईला, आजीला विचारून दहा वस्तू भरा. दहांपैकी जी सर्वांत आधी संपते, तीच तुमच्या घराची खरी मुदत. बाकी नऊ कितीही असोत. मग त्याखाली एक ओळ मोकळी सोडा आणि तिच्यात तुमच्या आळीतल्या अशा एका घराचे नाव लिहा, ज्याला साठा करणे परवडत नाही. त्या घरासाठी तुमच्या हिशेबात किती किलो धरता येतील, हे घरच्या मोठ्या माणसांशी बोलून ठरवा आणि तो आकडा त्याच ओळीत मांडा.