आधी आटे मोजा, मग पैसे!

दोघा-तिघांत पैसे काढून छोटं वुड लेथ मशीन घेतलंत? मस्त! भोवरा, पेनस्टँड, लाकडी वाटी, काय काय बनवायचं हे डोक्यात फिरायला लागलं असेल. पण थांबा, खरा खर्च आता सुरू होतो. लाकूड पकडायला चक हवा, वाटीसाठी फेसप्लेट हवी, टेलस्टॉकला फिरतं सेंटर हवं. आणि 'मिनी लेथला बसतो' एवढंच वाचून चक मागवलात, तर तो बसेलच याची काही गॅरंटी नाही. 'मिनी' हे माप नाहीच मुळी!

माझं म्हणणं सोपं आहे. ब्रँड, स्टार आणि डिस्काउंट बघण्याआधी दोन आकडे बघा.

पहिला आकडा स्पिंडलवरच्या आट्यांचा. बऱ्याच छोट्या मशीनवर 1 इंच व्यास आणि इंचाला 8 आटे असतात. काहींवर 33 मिमी व्यास आणि 3.5 मिमी पिच. व्हर्नियरने व्यास घ्या, पट्टी लावून आटे मोजा, झालं. दुसरा आकडा मोर्स टेपरचा. भोकाचं तोंड 12 मिमीच्या आसपास असेल तर एमटी-1, 18 च्या जवळ असेल तर एमटी-2.

हाच तो मोर्स टेपर, जो वर्कशॉपच्या तासाला आपण जर्नलमध्ये उतरवला, सही घेतली आणि विसरलो. अमेरिकेत 1860 च्या दशकात स्टीफन मोर्सने आणलेलं हे माप आजही मेटल लेथ आणि ड्रिल मशीनवर चालतं. म्हणजे टेलस्टॉकच्या सेंटरसाठी 'वुड लेथ स्पेशल' शोधत बसायची गरज नाही. साधं एमटी-2 चं रिव्हॉल्व्हिंग सेंटर किंवा ड्रिल चक मशीन टूल्सच्या दुकानात मागा. पुण्यासारख्या कारखान्यांच्या शहरात ही रोजची वस्तू आहे. बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही नजर टाका. फक्त टेपरवर ओरखडे, गंज नाही ना, ते बोट फिरवून बघा.

आटे जुळत नसतील तर? भोसरी, धायरी, नऱ्हे भागात जॉबवर्क करणारी छोटी वर्कशॉप्स आहेत. स्पिंडलचं माप आणि चक घेऊन जा, टर्नरकाकांना अडॅप्टर करून मागा. लाजू नका; मोजमाप नीट घेऊन आलेल्या पोराला ते दोन गोष्टी जास्तच शिकवतात.

मात्र एका बाबतीत जुगाड नको. चक पूर्ण आत जाऊन स्पिंडलच्या खांद्याला टेकलाच पाहिजे. सैल बसतोय म्हणून टेप गुंडाळून चालवू नका. फिरता चक सुटला तर थेट तोंडावर येतो. अडॅप्टरमुळे चक थोडा पुढे येतो, म्हणून जॉब लहान आणि स्पीड कमी ठेवा. फेस शील्ड हवीच.

आणि सगळंच विकत कशाला? फेसप्लेटवर लाकडाचा ठोकळा स्क्रूने बसवा, त्यात खाच कोरा आणि जॉब घट्ट दाबून बसवा. झाला लाकडी चक! छोट्या, हलक्या कामाला तो पुरतो. खर्च? टिंबर मार्केटमधला एक तुकडा.

विकणाऱ्यांनी हे दोन आकडे ठळक छापायलाच हवेत. ते छापतील तेव्हा छापतील. तोवर आपण विचारत राहू. 'दादा, आटे किती? टेपर कुठला?' याचं उत्तर मिळालं नाही, तर पाकीट खिशात ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.