बाणाचा रंग वाचायला शिका

डान्स डान्स रेव्होल्यूशन किंवा स्टेपमॅनिया हे गाण्याच्या तालावर पाऊल टाकण्याचे खेळ नव्याने खेळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पडद्यावर बाणांची गर्दी झाली की ‘आपल्याला तालच नाही’ म्हणून पाय मागे घेऊ नका. बाणाचा रंग कसा वाचायचा, हे बहुधा तुम्हाला कुणी सांगितलेलंच नसतं.

पाय कुठे टाकायचा ते बाणाची दिशा सांगते. कधी टाकायचा ते रंग सांगतो. कोनामीने १९९८ साली आणलेल्या डान्स डान्स रेव्होल्यूशनमध्ये ‘नोट’ ही रंगसंगती असेल तर ती निवडा. लाल बाण थेट मात्रेवर येतो, निळा दोन मात्रांच्या बरोबर मध्ये आणि पिवळा पाव किंवा पाऊण मात्रेवर. मात्रेचे तीन भाग केले, तर मधले दोन बाण हिरवे. तबला शिकलेल्यांना यात दुगुन, तिगुन, चौगुन (एका मात्रेत दोन, तीन, चार) लगेच दिसेल.

आता नीट लक्ष द्या, कारण इथेच बरेच जण घसरतात. रंग मात्रेतली जागा सांगतो, दोन बाणांमधलं अंतर नव्हे. चौगुनीतले बाण सगळे पिवळे नसतात. लाल, पिवळा, निळा, पिवळा असे येतात. उलट नुसते निळे बाण ओळीने आले, तर त्यांच्यात पूर्ण एका मात्रेचं अंतर असतं, म्हणजे वेग लाल बाणांइतकाच. पण पाय नकळत मात्रेवर सरकतो आणि सगळी ओळ चुकते. अशा वेळी मात्रेवर मान डोलवा आणि पाऊल मधल्या जागेत टाका. आधी खुर्चीत बसून टाळीवर करून पाहा.

मिनिटाला १५० मात्रांच्या गाण्यात एका लाल बाणापासून पुढच्यापर्यंत ०.४ सेकंद जातात, चौगुनीत तर बाणाबाणात ०.१ सेकंद. स्टेपमॅनियाच्या नेहमीच्या मापात ‘परफेक्ट’ शेरा मिळवण्यासाठी मागेपुढे जेमतेम ४५ मिलिसेकंदांची सूट मिळते. बाण पडद्यावरच्या ठरलेल्या जागी पोचलेला पाहून मग पाय उचलाल, तर उशीर होणारच. डोळ्यांनी आधी वाचा, पाऊल गाण्याबरोबर टाका.

बाण एकमेकांत मिसळत असतील, तर ते सरकण्याचा वेग कमी नव्हे, वाढवून पाहा. गाणं तेच राहतं, बाण मोकळे होतात.

स्टेपमॅनियात बाणांचं रूप बदललं की रंगही बदलू शकतात, तेव्हा सोप्या गाण्यावर ते ओळखून घ्या. लाल-हिरवा वेगळा दिसत नसेल, तर तुमच्या डोळ्यांना जमेल असं रूप निवडा. आणि ताल नीट धरूनही प्रत्येक पाऊल उशिराच पडल्याचं दिसत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन आवाज आणि चित्राचा मेळ आधी जुळवून घ्या.