भाड्याच्या घरातील नळ्यांचा आवाज

तारकर्लीस राहावयास आलेल्या माणसाला समुद्राच्या गाजेची सवय चार दिवसांत होते. गाज एका लयीत असते. सरावलेल्या कानाला तिच्यातच झोप लागते. भिंतीतील नळ्यांचे तसे नाही. तो आवाज केव्हा होईल हे ठाऊक नसते, आणि म्हणून झालेल्या आवाजापेक्षा व्हावयाच्या आवाजाची धास्ती अधिक जागवते.

कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या या चिंचोळ्या किनारपट्टीवर पर्यटन वाढले, तशी व्यवसायानिमित्त येणाऱ्या कुटुंबांना घरे भाड्याने देण्याची रीतही वाढली. खाली मालक, वर भाडेकरू. अंगणात विहीर व पंप, गच्चीवर टाकी आणि शेजारी सौर बंब, अशी मांडणी नेहमीची. पहाटे घरातील वडीलधारी मंडळी सामायिकास बसतात. त्या दोन घटिकांतच, म्हणजे 48 मिनिटांत, नेमकी न्हाणीघराच्या भिंतीतून टकटक सुरू होते. भाडेकरूला वाटते, मालक दुर्लक्ष करतो. मालकाला वाटते, भाडेकरू उगाच कुरकुरतो. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते, कारण वरचा आवाज खाली पोहोचतच नाही. अनेकान्त शिकवणाऱ्या समाजाला हे निराळे सांगावयास नको.

भांडणाआधी आवाजाची वेळ टिपून ठेवावी. चार दिवसांच्या नोंदीतून अर्धे निदान होते.

पहाटे गरम पाण्याचा नळ सोडताच टकटक सुरू होऊन काही वेळाने थांबत असेल, तर नळी तापून लांब होत आहे, असे समजावे. रात्रभर गार राहिलेल्या नळीत बंबातील 60 अंशांचे पाणी शिरले, की 10 मीटर लांबीची सीपीव्हीसी नळी दोन सेंटीमीटरांहून अधिक वाढते. लोखंडी नळी तेवढ्याच तापमानाने चारेक मिलीमीटर वाढते. नळी क्लॅम्पमध्ये घट्ट आवळलेली असली, की ती अडते आणि मग झटक्याने सरकते. तीच ती टकटक. अशा वेळी क्लॅम्प आणखी आवळणे हा उलटा उपाय होय, आणि तोच बहुतेक जण करतात. क्लॅम्प किंचित सैल करून आत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. नळी भिंतीतून जाते तेथे सिमेंटने न जखडता थोडी मोकळीक ठेवावी. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत लोखंडी क्लॅम्प गंजून तुटतात आणि सुटलेली नळी भिंतीवर आपटू लागते. तेथे मात्र नवा क्लॅम्प हवा, तोही प्लास्टिकचा किंवा स्टेनलेस स्टीलचा.

बंबाच्या वर उभी असलेली हवेची नळी कधी गुळगुळ आवाज करते. त्रासून तिचे तोंड कोणी बुजवू नये. वाफ व हवा बाहेर पडण्याची ती वाट आहे. ती बंद झाल्यास टाकी फुटण्याचा वा दबण्याचा धोका असतो.

पंप बंद होताच ‘धाड्’ असा एकच आवाज येत असेल, तर प्रकार वेगळा. वर चढणारे पाणी थबकते, मागे फिरते आणि विहिरीकडील झडपेवर आदळते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून या धक्क्याचे गणित मांडले. लोखंडी नळीत सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी एकदम अडले, तर सुमारे 120 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब क्षणभर वाढतो. दुमजली घराच्या टाकीचा दाब याच्या दशांशाहूनही कमी असतो. मग सांधे ढिले होऊन गळू लागतात, यात नवल ते काय? पाणी गाळून जिवाणी पुन्हा विहिरीत सोडणाऱ्या घरात रात्रभर ठिबकणारा सांधा केवळ बिलाचा प्रश्न राहत नाही. स्प्रिंगची झडप बसविल्यास पाणी मागे फिरण्यापूर्वीच ती मिटते आणि धक्का पुष्कळ कमी होतो. नळ अर्धा सोडल्यावरच थरथरत असेल, तर बहुधा आतला वायसर झिजलेला असतो. तो मालकाला न सांगता बदलावा. एवढ्यासाठी जिना उतरू नये.

परदेशी गेलेल्या मुलांच्या तक्रारीचे मूळही असेच असते. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत वाफेने खोल्या तापवितात. थंडावलेल्या वाफेचे पाणी परत न जाता नळीत साचले, की मागून येणारी वाफ ते ढकलून आपटते. रेडिएटरचा उतार पाणी परत जाईल असा केला आणि एकनळी पद्धतीत त्याचा कॉक पूर्ण उघडा वा पूर्ण बंद ठेवला, तर बहुधा शांतता होते.

खर्च कोणाचा, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार, उलट करार नसेल तर घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापलीकडे नाही. हा कायदा अनुसूचीत नमूद क्षेत्रांनाच लागू होतो, म्हणून आपले गाव तीत आहे काय हे आधी वकिलाकडून पाहून घ्यावे. 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्यांचा मुख्य आधार तर करारातील शब्दच. पंप, टाकी, बंब व त्यांच्या नळ्या यांची दुरुस्ती कोणी करावयाची, ही एक ओळ नूतनीकरणाच्या वेळी घालून घ्यावी, आणि प्लंबरला मे महिन्याच्या गर्दीपूर्वीच बोलवावे. हंगामात तो हॉटेलांच्या कामातून मोकळा होत नाही.