वीण, उसवण आणि आपली समीक्षा

मराठी समीक्षेची परिभाषा तपासली, तर तिच्यावर विणकामाचे किती मोठे ऋण आहे हे सहज ध्यानात येते. कथेची वीण, अनुभवाचा पोत, उपकथानकांची गुंफण, निसटलेले धागे असे शब्दप्रयोग आपण वर्गात रोज करतो. ‘सूत्र’ म्हणजे मुळात दोरा. ‘ग्रंथ’ हा शब्दही गुंफणे, बांधणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. इंग्रजीतील ‘टेक्स्ट’ची कुळी लॅटिनमधील ‘विणणे’ या क्रियापदापर्यंत जाऊन पोहोचते. प्रश्न असा की, ज्या कामाकडून आपण एवढी शब्दसंपत्ती उसनी घेतली, ते काम साहित्याच्या अभ्यासकांनी कधी वाचले का? घरातील स्त्रीचे विणकाम आपल्या लेखी उपमानांची खाण एवढेच राहिले. ती एक रचना आहे, आणि रचना म्हणून तिचा अभ्यास मराठी विभागांनी केला पाहिजे, असे आमचे मत आहे.

आम्ही ज्या परिसरात मराठी शिकवतो, ते खारेपाटण इतिहासाच्या अभ्यासकांना ताम्रपटामुळे ठाऊक आहे. शिलाहार राजा रट्टराज याच्या शके ९३० (इ. स. १००८) मधील येथील ताम्रपटात दहा पिढ्यांची राजवंशावळ आहे. धातूवर कोरलेले ते टिकले आणि वाचले गेले. दोऱ्याचे काम मात्र येथल्या दमट हवेत बुरशीने आणि कसरीने लवकर विरते. थंडी बेताची असल्याने लोकरीचे विणकाम मुख्यतः तान्ह्या मुलांची टोपडी, पायमोजे आणि वृद्धांच्या कानटोप्या यांपुरते. खरा विस्तार क्रोशाचा: दारावरची तोरणे, ताटावरचे रुमाल, आधी रेडिओवर आणि पुढे टीव्हीवर घातलेली झालरीची आच्छादने. जोडीला भिंतीवर काचेच्या चौकटीत भरतकामाचा मोर, नाहीतर झुपकेदार केसांचा विलायती कुत्रा. खळ्यात पहुडलेला गावठी कुत्रा मात्र या चौकटीत क्वचितच येतो. छापील नमुन्याची सत्ता डोळ्यांसमोरच्या वास्तवावर कशी मात करते, हे विद्यार्थ्यांना समजावून द्यायला याहून सोपे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. आपल्याकडील कादंबरीच्या आरंभकाळाविषयीही आपण हेच शिकवत असतो.

या कामांमागे अनेकदा एक वही असते. तीत मासिकांतून कापलेले नमुने असतात, शेजारणीकडून उतरवून घेतलेली नक्षी असते, आणि त्याच पानाच्या कडेला नातवाच्या छातीचे माप किंवा दुधाचा हिशेबही असतो. या वहीची भाषा लक्षपूर्वक पाहावी. ‘पहिली ओळ सर्व सुलट, दुसरी उलट’; ‘पाच साखळ्या, एक खांब, येथून पुन्हा’. क्रियापद गळालेले, कर्ता नाही, विशेषण नाही. थोडी अक्षरे आणि संदेह नको, ही सूत्रशैलीची जुनी अपेक्षा येथे निमूटपणे पाळली जाते. कारण संदेह राहिला तर टाका चुकतो आणि टाका चुकला तर सारे उसवावे लागते. टाक्यांच्या रांगेला आणि कवितेच्या चरणाला मराठीत ‘ओळ’ हा एकच शब्द आहे. दोन्हीकडे मोजणी आहे, आवर्तन आहे, नियम पाळून केलेला बदल आहे.

उसवणे ही तर स्वतंत्र विचाराची बाब. थोरल्या मुलाचा स्वेटर आखूड झाला की तो उसवतात, लोकर धुऊन तिच्या लडी करतात, वाळवून गुंडे बांधतात. घरातले मांजर त्यांतला एखादा गुंडा पळवून पडवीभर धागा पसरवते. मग त्यातूनच धाकट्याचा स्वेटर होतो. रंग अपुरा पडला तर बाहीला दुसऱ्या लोकरीचा पट्टा येतो. शेवटी विटलेला तो स्वेटर त्याच मांजरीच्या पिलांखाली अंथरला जातो. संहितेचे पाठभेद शिकवताना आपण आदर्श प्रतीचा शोध घेतो. येथे आदर्श प्रत नाहीच. प्रत्येक पाठ कोणाच्या तरी अंगाच्या मापाचा असतो, आणि नवा पाठ जुना मोडूनच सिद्ध होतो.

आता सुटीचे. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईचे चाकरमानी गावी येतात, तेव्हा सुटी पाहुण्यांची असते. घरातल्या बाईचे काम दुप्पट होते आणि सुई बाजूला पडते. पाहुण्यांच्या परतीच्या पिशवीत आंबापोळी आणि सोलांबरोबर एक रुमाल किंवा टोपडेही जाते. त्यामागचे तास कोणी मोजत नाही, कारण ते ‘फावल्या वेळचे’ काम. या शब्दाकडे संशयाने पाहावे असे आम्हांला वाटते. मारिया मीस यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात आंध्रातील नरसापूरच्या क्रोशाकाम करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्यांची लेस परदेशच्या बाजारात विकली जात होती. तरीही त्या घरी बसून वेळ घालवणाऱ्या गृहिणी समजल्या गेल्या, आणि म्हणून त्यांना तुटपुंजी मजुरी देणे शक्य झाले. आपल्या गावात बाजार नाही, एवढाच फरक.

जात्यावरच्या ओव्यांना अभ्यासक मिळाले. साने गुरुजींनी त्या ‘स्त्रीजीवन’मध्ये संकलित केल्या, पुढे गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. स्वयंपाकाला १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने पुस्तकाची प्रतिष्ठा दिली. आमच्या जिल्ह्यातील पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. यात सर्वांनाच आनंद आहे. ओवीला शब्द होते, चित्रकथीला कथा आणि समाजाचे नाव होते. तोरणाला यांपैकी काहीच नाही, म्हणून ते अभ्यासाबाहेर राहिले.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, उद्या सारेच साहित्य ठरेल. क्रोशाचा रुमाल म्हणजे कविता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु नमुन्यांची वही हा मराठीत लिहिलेला दस्तऐवज आहे, त्याला परिभाषा आणि शैली आहे, हे नाकारता येणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सुई-दोरा हे मुलींना घरात बसवण्याचे साधनही होते, मग त्याचा गौरव कशासाठी? आक्षेप रास्त आहे; म्हणूनच आम्ही गौरव नव्हे, वाचन मागतो. ॲलिस वॉकर यांच्या १९७३ सालच्या ‘एव्हरीडे यूज’ या कथेत आजीच्या हातच्या गोधड्या थोरल्या मुलीला भिंतीवर लावायला हव्या असतात. आई त्या धाकटीला देते. धाकटी त्या रोज वापरेल, आणि तिला गोधडी शिवताही येते. वारसा टांगायचा की चालवायचा, हा प्रश्न आपल्याही पुढे आहे.

तेव्हा सूचना साधी आहे. एम. ए.च्या विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी आपल्या घरातली वा शेजारची एक वही घ्यावी. ती लिहिणाऱ्या बाईंची अनुमती घेऊन तिची प्रत करावी, त्यांच्याच तोंडून प्रत्येक नमुन्याचा अर्थ टिपून घ्यावा, शब्दांची सूची करावी आणि मुखपृष्ठावर त्यांचे नाव प्रथम लिहावे. गावातली घरे एकेक करून कुलूपबंद होत आहेत आणि वह्या रद्दीत जात आहेत. रट्टराजाच्या दहा पिढ्या आपल्याला ताम्रपटातून सांगता येतात. ज्या तोरणाखालून आपण घरात शिरतो ते कोणी विणले, हे त्याच घरातल्या मुलांना अनेकदा सांगता येत नाही. ज्यांना अजून सांगता येते त्या आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. हे काम पुढच्या सुटीवर टाकण्याजोगे नाही.